पंधरवड्याने जेवणारा पाहुणा

चिकलठाणा पाहायला म्हणून कोणी जात नाही. वेरूळ-अजिंठ्याला निघालेली मंडळी विमानाने आली म्हणजे उतरतात ती चिकलठाण्यालाच. पण उतरल्याबरोबर मोटारीत बसून जी निघतात ती थेट लेण्यांपाशी थांबतात. विमानतळ सांभाळायचा चिकलठाण्याने आणि कीर्ती वेरूळ-अजिंठ्याची, असा हा व्यवहार आहे. शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हाही तो असाच होता, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही त्यात फरक पडलेला नाही.

जालना रस्त्याने शहराबाहेर पडू लागले की कारखान्यांची वसाहत लागते आणि तिच्या सोबतीला जुने गाव. सुखना नदीही येथूनच जाते. मात्र पावसाळा सोडला तर तिला नदी म्हणायला थोडी कल्पनाशक्ती लागते. गावात शिरले की रस्ता अरुंद होतो, ओट्यांवर म्हातारी माणसे दिसू लागतात, आणि मधूनच एखादे विमान इतके खालून जाते की बोलणारा वाक्य अर्धवट सोडतो आणि विमान गेल्यावर नेमके तेथूनच पुढे चालू करतो. ही कला ज्याला येत नाही तो पाहुणा, हे गावाला लगेच कळते.

माझी मावसबहीण अक्का या गावात चाळीस वर्षांवर राहते आहे. मूळ सासर पैठण तालुक्यातले, शेतीवाडीचे. यजमानांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोघे इकडे आली. यजमान आता नाहीत. मुलगा-सून नाशिकला, आणि अक्काजवळ असतो तो नातू. तो आजोबांसारखाच वसाहतीतल्या एका कारखान्यात जातो. अक्का माळकरी आहे. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात शिजत नाही. एवढे सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत त्यावाचून कळायची नाही.

गेल्या जानेवारीत मी आठ दिवस तिच्याकडे होतो. पहिल्याच दिवशी तिने मला घर दाखवले आणि मागच्या खोलीच्या दारात थांबून म्हणाली, "इथला डबा विचारल्याबिगर उघडू नको बरं का बाबा." डबा म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानातला जुना डीप फ्रीझर. बाहेरच्या बाजूला अजून एक कुल्फी हसत होती. मी अर्थातच विचारले आणि अर्थातच उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीवर तारीख आणि वजन. प्रत्येकीत एकेक पांढरा उंदीर, पाय पोटाशी घेऊन गाढ झोपल्यासारखा, आणि लाकडासारखा टणक.

समोरच्या भिंतीशी लाकडी पेटी होती, पुढून काच लावलेली. तिच्यात या खाण्याचा धनी वेटोळे करून पडला होता. नातवाने पाळलेला हा साप आफ्रिकेतला. इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात, कारण भ्याला की तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. लांबीला चार फूट, विष नाही, रंग तपकिरी आणि सोनेरी. आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने मनाई आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली नाग, अजगर तर सोडाच, शेतातली धामणही घरात ठेवता येत नाही. विदेशी सापांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, त्यांची नोंद २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नातवाने ती केली आहे, आणि कागद सत्यनारायणाच्या पोथीशेजारी ठेवला आहे. मला विचाराल तर आफ्रिकेतल्या जिवाला चिकलठाण्याच्या पेटीत आणून ठेवण्याचा हा हव्यास मला पटत नाही. पण मला कोणी विचारले नव्हते, आणि साप तर आलेलाच होता.

नातू कंपनीच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे पुण्याकडे गेला होता. जेवणाचा वार मध्येच येत होता. म्हणजे माळकरी आजीवर, जिने जन्मात मटणाचे भांडे धुतले नाही तिच्यावर, उंदीर रांधायची, किंवा न रांधता वाढायची, पाळी आली होती.

नातवाने जाताना वहीत सगळे लिहून ठेवले होते, आणि अक्काने ते पाठ केले होते. उंदीर शहरातल्या एका माणसाकडचे. तो पांढरे उंदीर याच कामासाठी वाढवतो आणि कार्बन डायऑक्साइड वायूने गुंगवून मारतो. जिवंत उंदीर का टाकत नाहीत, असे मी विचारले तेव्हा तिने नातवाचेच उत्तर दिले, आपल्या भाषेत. "जित्ता उंदीर गप बसत नाही. हा भुकेला नसला तर तो उंदीरच याला चावतो. जखमा होतात. आणि त्या बिचाऱ्याला तरी मरणाच्या आधी इतकं भ्याव कशाला?" १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, एका जनावराला दुसऱ्याचे भक्ष्य करून करमणूक करणे हा गुन्हाच धरला आहे. अक्काला कायदा ठाऊक नव्हता, पण तिचे मत त्याच्याशी जुळत होते.

गोठवण्याचे दुसरे कारण म्हणजे उंदराच्या अंगातले बरेचसे कृमी थंडीने मरतात. रोगजंतू मात्र मरत नाहीत, नुसते झोपतात, आणि वितळले की जागे होतात. म्हणून एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. सापाने नाकारला तर पुरून टाकायचा. फ्रीझर वेगळा, वजनकाटा वेगळा, चिमटा वेगळा, आणि काम झाल्यावर साबणाने हात कोपरापर्यंत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला हे नियम शिकवावे लागले नाहीत. डॉक्टर ज्याला साल्मोनेला म्हणतात त्याला ती विटाळ म्हणते, आणि दोघांचेही उपाय सारखेच आहेत.

फ्रीझरमधला एक प्रकार मात्र मला कळेना. कोपऱ्यात एक स्टीलची वाटी, वाटीत गोठलेले पाणी, आणि बर्फावर रुपयाचे नाणे. मला वाटले, काही नवस असावा. अक्का हसली. घरी कोणी नसताना दिवसभर वीज गेली, आतले सगळे वितळले आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले, तर बाहेरून काही कळत नाही. पण नाणे कळवते. ते बर्फावर असेल तर माल चांगला. तळाशी गेले असेल तर सगळा टाकून द्यायचा. उरलेल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या, कारण भरलेला फ्रीझर वीज गेल्यावर जास्त वेळ थंड राहतो. आमच्या पुण्याच्या घरात ही युक्ती कोणाला ठाऊक नव्हती.

मधला एक दिवस मी अजिंठ्याला जाऊन आलो. शंभर किलोमीटर जायचे आणि शंभर यायचे. एकोणिसाव्या लेण्याबाहेर, डाव्या अंगाला, नागराजा राणीसह बसला आहे. मस्तकावर फणांचे छत्र, आणि बसण्यात अशी ऐट की माणसाने आपोआप हात जोडावेत. परत आल्यावर मी अक्काला त्याचे वर्णन सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दगडाचा आहे म्हणून बरं. त्याला काय खायला घालायचं ते बघावं लागत नाही."

नागपंचमीला आपण नागाला दूध दाखवतो. साप दूध पीत नाही. त्याच्या पोटाला ते सोसतही नाही. गारुडी पूर्वी त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवीत, मग तो समोर आलेले काहीही पिई, आणि आयाबाया धन्य होत. अक्काही पंचमीला भिंतीवर नाग काढून पूजा करते. त्यात तिने काही बदल केलेला नाही. फक्त दुधाची वाटी आता ती स्वतः पिते.

ज्या दिवशी वाढायचे तो दिवस एकादशीचा निघाला. अक्काने कॅलेंडर पाहिले आणि एक दिवस पुढे ढकलला. पंधरवड्याने जेवणाऱ्याला एक दिवसाने काय होते, असे तिचे म्हणणे, आणि शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे. ही जात हिवाळ्यात कधी कधी महिनेच्या महिने तोंडाला काही लावत नाही. एकादशीच्या रात्री तिने ऐंशी ग्रॅमची पिशवी काढली, झाकणाच्या डब्यात घातली आणि नातवाच्या छोट्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली. सावकाश वितळायला रात्र जाते. उन्हात किंवा ओट्यावर ठेवले तर बाहेरून नासते आणि आत गोळा राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. बाहेरून शिजते, आत कच्चे, आणि मध्येच फुटते.

द्वादशीला दिवे लागल्यावर तिने बादलीत ऊन पाणी काढले, पिशवीसकट उंदीर त्यात सोडला आणि पाणी कोपर बुडवून पाहिले. तान्ह्या बाळाचे अंघोळीचे पाणी बायका पाहतात तसे. नातवाने वहीत अडतीस ते चाळीस अंश लिहिले होते आणि थर्मामीटरही ठेवला होता. मी तो बुडवून पाहिला: एकोणचाळीस. ही ऊब चैनीची नव्हे. या सापाच्या ओठांवर खळगे असतात आणि त्यांनी त्याला अंधारात उष्णता कळते. थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नव्हे. म्हणून तिने डोक्याकडची बाजू पुन्हा एकदा बुडवली, कागदाने अंग कोरडे केले, खोलीतला दिवा मालवला आणि लांब चिमट्यात शेपटीकडून धरून काच सरकवली.

मी दारात उभा होतो. खरे सांगायचे तर मी सापाकडे पाहत नव्हतो, अक्काच्या हाताकडे पाहत होतो. १९७८ साली तिच्या धाकट्या दिराला शेतात पान लागले. एकोणीस वर्षांचा पोरगा. घरच्यांनी त्याला आधी मारुतीच्या पारावर नेले, लिंबाचा पाला खायला घातला, आणि दवाखान्यासाठी बैलगाडी जुंपली तोवर उशीर झाला होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्या देशात तयार होते, मुंबईच्या हाफकिनमध्येही ती झालेली आहे. पण लस बाटलीत आणि माणूस पारावर, अशी ती गोष्ट. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा हिशेब निघाला. वर्षाला अठ्ठावन्न हजार. अक्काच्या घरचा आकडा एक, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ती दोरी ओलांडतानाही थबकत असे.

चिमटा हलला नाही. तिने उंदीर किंचित हलवला, जिवंत असल्यासारखा. पेटीतली जीभ दोनदा बाहेर आली. मग काय झाले ते मला दिसले नाही, इतके ते झटकन झाले. दिसले तेव्हा उंदराभोवती तीन वेढे पडलेले होते. मेलेल्यालाच तो पुन्हा मारत होता. दहा मिनिटांनी त्याने वेढे सोडले, तोंड शोधले आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. अक्का पुटपुटली, "विठ्ठल, विठ्ठल." कोणासाठी, ते मी विचारले नाही.

रात्री एक वाजता वीज गेली. बाहेर कडाका होता. सापाला स्वतःच्या अंगची ऊब नसते. पोटात अन्न असताना त्याला बत्तीस अंशांच्या आसपास जागा मिळाली नाही तर ते पचत नाही, पोटातच कुजते, आणि तो ते ओकून टाकतो. ओकल्याने तो फार खंगतो. पेटीखालची विजेची गादी गार पडू लागली. अक्काने मला उठवले नाही. गॅसच्या आवाजाने मी उठलो. तिने दोन रबरी पिशव्या ऊन पाण्याने भरल्या, टॉवेलात गुंडाळल्या, आणि काच सरकवून सापाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. हात आत घालून. मग वाऱ्याची भोके सोडून पेटीवर आपली वाकळ पांघरली आणि खुर्ची ओढून बसली. दर तासाला पाणी बदलायचे होते.

"तू झोप ना," मी म्हणालो.

"झोपते की. वीज आली की झोपते." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नातू म्हणतो, हा तीस वर्षं जगतो. मग माझ्यामागं हा कुणाचा?"

तिला मी बरे वाटावे म्हणून सांगितले नाही, पण ही जात त्याहूनही जगते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली सात अंडी घातली. तेव्हा ती बासष्टीच्या पुढची होती, आणि कित्येक वर्षांत तिला नर भेटलेला नव्हता.

पावणेपाचला वीज आली. साप फुगलेल्या पोटाने जागच्या जागी होता. ओकला नव्हता. अक्काने पिशव्या काढल्या, वाकळ घडी केली, हात धुतले. मग फ्रीझर उघडून वाटीत पाहिले. नाणे बर्फावरच होते. तिने वही घेतली आणि नातवाच्या रेघांमध्ये, वळणदार मोडक्या अक्षरांत लिहिले: द्वादशी. ऐंशी ग्रॅम. खाल्ले. दोन दिवस हात लावू नये.

बाहेर पहिले विमान उतरत होते. चहा टाकू का, असे तिने बहुधा विचारले. विमान गेल्यावर मी हो म्हणालो.