रंग उतरवण्याआधी

रिमोटच्या जुन्या गाड्यांवर लिहा, पण सोपं लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. प्रयत्न करतो. मात्र जुन्या गाड्या पूर्ववत करण्याच्या माझ्या कामातून रसायनशास्त्र वगळलं, तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतले एक गृहस्थ टामियाची 'हॉर्नेट' घेऊन आले. जपानमधल्या शिझुओकाच्या या कंपनीनं ही गाडी 1984 साली बाजारात आणली. या गृहस्थांच्या वडिलांनी ती मस्कतहून आणून घरीच जोडली, काळी रंगवली. पुढे कुणीतरी ग्रिलला लावून उरलेला लाल ऑइल पेंट तिच्यावर फासला. "भाऊ, सगळा रंग काढा, नवीकोरी दिसली पाहिजे," एवढीच त्यांची मागणी.

लोकांना वाटतं, बर्डीच्या बाजारातून थिनर आणायचं, फडकं फिरवायचं, झालं. या समजुतीनं बिघडलेल्या बॉड्या बघून बघून मी थकलो आहे. आधी प्लॅस्टिक ओळखा! 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' एकाच वर्षातल्या, सांगाडाही जवळपास एकच. पण ग्रासहॉपरची बॉडी जाड, साच्यात ओतलेल्या एबीएस प्लॅस्टिकची. तिचा रंग बाहेरून. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची. तिचा रंग आतून मारतात, म्हणजे गाडी आपटली तरी तो खरवडला जात नाही. कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण एबीएसला सहसा काही करत नाही, ऑइल पेंट मात्र त्यात सुटतो. तेच द्रावण पॉलीकार्बोनेटला खातं. थिनर तर दोघांचाही शत्रू.

पॉलीकार्बोनेटचा पत्रा तापवून साच्यावर ओढतात, तेव्हा वळणावळणात ताण राहून जातो. तो बघता येतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करा, बॉडी त्याच्यासमोर धरा आणि पोलरॉइड गॉगल लावून हळूहळू मान तिरकी करा. बोनेटच्या कडेला, खांबांच्या भोकांभोवती इंद्रधनुषी पट्टे उमटतात. जिथे पट्टे दाट, तिथे ताण जास्त. नको ते रसायन नेमकं तिथेच शिरतं आणि केसासारखी चीर पाडतं. ही चीर कधी लगेच दिसते, कधी गाडी कपाटात ठेवल्यावर काही दिवसांनी.

आणि म्हणूनच ब्रेक ऑइल नको. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. प्लॅस्टिकची विमानं जोडणारे जुने हौशी लोक पॉलिस्टायरीनचा रंग काढायला ब्रेक ऑइल वापरत आले, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. पण तो पॉलिस्टायरीनचा अनुभव आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये मिळणाऱ्या डॉट-3, डॉट-4 तेलांत ग्लायकॉल ईथर असतात. ते ताणलेल्या पॉलीकार्बोनेटला चिरा पाडतात, एबीएसलाही भरवशाचे नाहीत. डॉट-5 सिलिकॉनचं असतं, ते रंगाला हातच लावत नाही. म्हणून "आम्ही ब्रेक ऑइल वापरलं, काही झालं नाही" असं सांगणाऱ्याला मी पहिल्यांदा डबा दाखवायला सांगतो. शिवाय हे तेल पाण्यानं धुतलं तरी भोकांच्या कडांत, स्टिकरखाली राहतं. माझ्या टेबलावर ते येणार नाही.

मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. करोनानंतर ते सगळ्यांच्या ओळखीचं झालं, पण सॅनिटायझरची जेल इथे चालत नाही. तिच्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ 12 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. उन्हाळ्यात हे काम मी पहाटे, खिडक्या उघड्या टाकून, गॅसपासून लांब करतो. दुसरी भीती शिशाची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. ती धूळ घरात पसरते, लहान मुलांच्या पोटात जाते.

हॉर्नेटचा लाल रंग वरवरच धरून होता. भोकं आणि कडा टेपनं बंद केल्या, अल्कोहोलनं ओलं केलेलं फडकं चार बोटं जागेवर टेकवलं, रंग फुगला की बांबूच्या कामटीनं उचलला. बोनेटवर नख अडकलं. लाल थराखाली मूळ स्टिकरची कड होती! अल्कोहोलनं स्टिकरचा गोंद सुटतो, शाई पसरते, म्हणून तिथे फक्त साबणाचं पाणी आणि कामटी. त्या तळहाताएवढ्या जागेनं बाकी सगळ्या बॉडीपेक्षा जास्त वेळ खाल्ला.

लाल गेल्यावर आतला काळा दिसला. ब्रशनं मारलेला, एका दारापाशी पातळ, छताला दाट. हात नवशिक्याचा, पण कड कुठेही चुकलेली नाही. तो काढायला मी नकार दिला. गाडी त्यांची, पैसे त्यांचे. नकार द्यायचा अधिकार मला होता का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. टामियानं 2004 साली हॉर्नेट पुन्हा काढली, तिची पारदर्शक बॉडी सुटी मिळते. ती मागवा, हवी तशी चकचकीत रंगवून देतो, मजुरी नको, असं मी त्यांना सांगितलं आहे. जुनी बॉडी ते तशीच घेऊन गेले. बायकोशी बोलून कळवतो म्हणाले.