दहा स्क्रू

शेजारच्या आजींनी दार वाजवलं तेव्हा मी चहा टाकत होतो. (त्या अमेरिकन आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण मनात त्या आजीच.) म्हणाल्या, "तुला मोटरसायकलींमधलं कळतं ना? ह्यांची होंडा विकायची आहे. पुतण्या दोन हजार डॉलर देतो म्हणतोय. घेऊ का?"

आजोबा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं, पण त्यांनी ती कधी काढली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माझ्याकडे १९७० ची होंडा सीबी ७५० आहे. त्यामुळे ताडपत्री सरकवल्यावर टाकी आणि चार सिलिंडर बघून गाडी कुठली ते लगेच कळलं. कळायचं होतं ते एवढंच, की ती किती आधीची.

थोडं सांगायला हवं. ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये होंडाने ही गाडी दाखवली तेव्हा खळबळ उडाली. चार सिलिंडर, ७३६ सीसी, ६७ हॉर्सपॉवर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि हे सगळं सामान्य गिऱ्हाईकाला अमेरिकेत १४९५ डॉलरला! पण एवढी मोठी गाडी खपेल का, याची खुद्द होंडालाच खात्री नव्हती. वर्षाला दीड हजार गाड्या असा अंदाज होता. तेवढ्यासाठी डाय-कास्टिंगचे महागडे साचे कोण बनवणार? म्हणून सुरुवातीचे क्रँककेस साध्या पद्धतीने ओतले. मग वर्षाचा दीड हजार हा आकडा महिन्याचा झाला, पुढे महिन्याला तीन हजारांवर गेला, आणि मुकाट्याने डाय-कास्टिंग करावं लागलं. तोवर ७४१४ इंजिनं बाहेर पडली होती. त्यांना सगळे 'सँडकास्ट' म्हणतात. गंमत म्हणजे त्यात वाळूचा संबंध नाही. धातूच्या कायमच्या साच्यात वरून रस ओतलेला असतो. पृष्ठभाग खरबरीत दिसतो म्हणून कुणीतरी वाळू म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. आता बदलत नाही.

मी टॉर्च घेऊन जमिनीवर बसलो. आधी क्लचचं झाकण. त्याचे स्क्रू मोजायचे असतात, सुरुवातीच्या इंजिनांना दहा आणि नंतरच्यांना अकरा. दहा भरले. परत मोजले. केसवरून बोट फिरवलं, तर बारीक रवाळ लागलं. माझ्या गाडीची केस गुळगुळीत आहे. ऑइल फिल्टरच्या डब्याला पंखे होते. थ्रॉटलची एकच केबल पुढे फुटून चार कार्ब्युरेटरांना गेलेली, आणि एअरबॉक्स टाकीच्याच हिरवट निळ्या रंगाचा. पण या सुट्या गोष्टींवर विसंबता येत नाही. पन्नास वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही, आणि झाकणं काय, विकतही मिळतात. शेवटी आकडाच बघायचा. इंजिनाचा नंबर १००७४१४ च्या आत हवा. कापडाने तेलकट थर पुसला. चार हजारांच्या घरातला नंबर निघाला. फ्रेमचा नंबर त्याहून दीडशेने पुढे होता. ते बघून अनेकजण 'गाडी जोडलेली आहे' म्हणून नाक मुरडतात. पण होंडाने हे दोन नंबर कधी जुळवून लावलेच नाहीत. थोडा फरक असणारच. तंतोतंत जुळले तरच मला शंका येईल.

मी आजींना तिथल्या तिथे सांगितलं की पुतण्याला थांबायला सांगा. हिच्या नमुना-गाड्यांपैकी एक मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये १,६१,००० पौंडांना गेली. ही तसली नाही, पण दोन हजारांत द्यायचीही नाही. वीस हजारांच्या खाली बोलूच नका. आजी खुर्चीवर बसल्याच. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. लहानपणी आई बोहारणीला जरीची साडी देऊन स्टीलचं पातेलं घ्यायची ते आठवलं. निदान इथे तरी मी मध्ये पडलो, असं काहीतरी मनात आलं.

आणि मग आजी म्हणाल्या, "जाता जाता वरची ती गंजकी नळकांडी घेऊन जातोस? माझा हात पोचत नाही. कचऱ्यात टाकून दे."

छताच्या तुळयांवर चार सायलेन्सर ठेवलेले होते. गाडीला कधीतरी फोर-इन-वन पाइप लावलेला, ते मी पाहिलंच होतं. मूळचे चार असे वर जाऊन पडले होते. खाली उतरवले आणि मागचा भाग पुसला. नंतरच्या सायलेन्सरांवर एचएम ३०० असा ठसा असतो. यांच्यावर काहीच नव्हतं. अगदी सुरुवातीच्या गाड्यांनाच ते तसे, बिनठशाचे, यायचे. बाजारात चांगल्या अवस्थेतला संच मिळणं मुश्किल, मिळालाच तर किंमत ऐकून घाम फुटतो. माझ्या गाडीला नकली आहेत.

मी काही बोललो नाही. "टाकतो" म्हणालो आणि चारी सायलेन्सर माझ्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले.

चार दिवस ते तिथे होते. चोरी नव्हती हो, त्यांनीच दिले होते. आणि गाडीची खरी किंमत मीच नाही का सांगितली, एवढी दलाली तर कोणीही घेतो. असा हिशेब मी रोज रात्री नव्याने मांडत होतो. रोज जुळायचा आणि सकाळी परत मांडावा लागायचा. बायकोने विचारलं, "हे काय आणलंस?" मी म्हणालो, "भंगार." बहुतेक तिथेच माझं बिघडलं. एरवी गाडीचा नवा नट आला तरी मी तिला अर्धा तास ऐकवतो.

पाचव्या दिवशी परत नेऊन दिले. काय सांगायचं ते पाठ करून गेलो होतो, पण दारात सरळ म्हणालो, "हे भंगार नाहीये. मला त्याच दिवशी माहीत होतं." आजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग एका सायलेन्सरवर हात ठेवून म्हणाल्या, "यांचा आवाज चांगला होता. तो नवा लावला आणि आमची पोर दुपारची झोपेनाशी झाली. मी म्हटलं, पहिले लाव. उद्या लावतो म्हणाले." बस्स, एवढंच. मला रागावल्या नाहीत, माफही केलं असं काही म्हणाल्या नाहीत.

गिऱ्हाईक शरदात आलं. साठीचा माणूस, दुसऱ्या राज्यातून ट्रेलर घेऊन आलेला. तोही आल्या आल्या टॉर्च काढून जमिनीवर बसला, आणि ओठ हलवत स्क्रू मोजायला लागला. मी शेजारी उभा राहून मनात मोजत होतो. सायलेन्सरांचे पैसे त्याने वेगळे दिले. भावात आजींनी मला मध्ये बोलू दिलं नाही. फोर-इन-वन मात्र त्याला नको होता. तो त्याने तिथेच खोलून ठेवला.

"हा तू घेऊन जा," आजी म्हणाल्या. "हा खरोखर भंगार आहे ना?"

आहे. माझ्या गॅरेजमध्ये पडलाय. माझ्या गाडीला बसतो, लावलेला नाही.