काशीमिऱ्याचा बाजार, उत्तनची गाडी

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरे. येथे घराच्या भिंतींना ओल येते, तसा लोखंडाला गंज येतो. जुनी गाडी घ्यायला निघालेल्याने हे आधी ध्यानात ठेवावे.

आम्ही नया नगरचे. अम्मींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पावसात रिक्षा मिळेपर्यंत त्या फाटकाशी उभ्या राहायच्या. त्यात ईदला खेडला, गावी जायचे असते. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे घरात ठरलेले, म्हणून साठवलेले अडीच लाख हीच आमची हद्द. त्यातले तीस हजार टायर, बॅटरी, विमा आणि नाव बदलण्याच्या खर्चासाठी आधीच बाजूला काढले. उरले त्यात गाडी बसवायची होती.

ओळखीच्या मिस्त्रीचाचांना घेऊन एका सकाळी काशीमिऱ्याला गेलो. हायवेलगत गाड्या ओळीने उभ्या, सगळ्या चकचकीत. एक पांढरी गाडी मुलांना फार आवडली. किलोमीटरही कमी दिसत होते. चाचांनी पॉलिशकडे पाहिलेच नाही. मॅट उचलून खाली हात घातला, तर ओल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला मातीची रेघ. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, सीटखालचे बोल्ट गंजलेले. गाडी पाण्यात उभी राहिलेली होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण सखल भागातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरायला एवढा पाऊस लागतही नाही. अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल, सांगता येत नाही.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली, तो प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. भिजलेले धान्य वर ठेवावे, म्हणजे लोकांना दिसेल, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले. चाचांचा हात मॅटखाली गेला तेव्हा आम्हाला तीच रास आठवली.

दुसरी गाडी उत्तनला मिळाली. अकरा वर्षांची वॅगनआर, मालक एक निवृत्त ख्रिस्ती गृहस्थ. आम्ही विचारण्याआधीच ते म्हणाले, "डावा दरवाजा ठोकून रंगवलाय आणि खाऱ्या हवेने सायलेन्सर गेलाय." बॉनेट थंड असतानाच गाडी सुरू केली. निळा धूर निघाला असता, तर इंजिन ऑइल जाळते असे समजलो असतो. तो निघाला नाही. मग घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढावर नेली. क्लच घसरला नाही, इंजिन तापले नाही.

कागद तेवढ्याच बारकाईने पाहिले. आरसी बुकातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवला. सीएनजी किटची नोंद आरसीवर होती. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख पाहिली. थकलेले ई-चलन तपासले. जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. तो आधीच उतरलेला होता. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 वर समोरासमोर सह्या झाल्या. खरेदीनंतर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते, तेही उरकले. सायलेन्सरचा खर्च वजा करून भाव ठरला आणि आकडा हद्दीत बसला, अल्हम्दुलिल्लाह.

आता अम्मींना फाटकाशी ताटकळावे लागत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात आम्ही एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर डावा दरवाजा, पुढे प्रत्येक दुरुस्ती तारखेसह. कधीतरी ही गाडी आम्हीही विकू. त्या दिवशी घेणाऱ्याच्या हाती किल्लीआधी ती वही देऊ, इन्शाअल्लाह.