डोंगरावरचं गवत, फडातला ऊस

14 जून
रोहिण्या कोरड्या गेल्या, पण मृगानं हात दिला. पाटोद्याच्या वरच्या अंगाला बालाघाटाच्या माळावर आज दगडांच्या कडेनं हिरवं दिसू लागलंय. मारवेलचा एक जुना ठोंब बोटांनी बाजूला केला. वरून करडा, वाळलेला. बुडाशी मात्र पांढरट-हिरवे फुटवे. गवताची पात बुडाकडून वाढते. शेळीनं शेंडा खाल्ला तरी वाढीची जागा मातीलगत शाबूत राहते. पण फुटवा फुटतो न फुटतो तोच पुन्हा पुन्हा तोंड पडलं, तर ठोंब मुळांतली शिल्लक खर्चत राहतो आणि अखेर मरतो. पहिल्या पावसानंतर माळाला विसावा हवा, हे इथला प्रत्येक मेंढपाळ जाणतो. यंदा त्या विसाव्यानं काय फरक पडतो ते मोजायचं.

6 जुलै
गावातल्या वेल्डरकडून सळईची चौकट करून घेतली, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. चौकटीतलं गवत जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं, कागदी पिशवीत वाळवायचं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तोलायचं. हिशेब सोपा: चौकटीत 100 ग्रॅम वाळकं गवत म्हणजे हेक्टरी 1000 किलो. माळाचा एक तुकडा काट्या लावून बंद केलाय, शेजारचा चराईला खुला. माझ्या वर्गातली बारावीची मुलं दर रविवारी एकाच दगडावर उभी राहून दोन्ही तुकड्यांचा फोटो मोबाइलवर काढणार. तारीख आणि जागा फोटोबरोबर आपोआप नोंदली जाते. प्रयोगशाळा खिशात मावते, ती चालती ठेवायची.

27 जुलै
दिवसभर आभाळ. मुलांनी विचारलं, ऊन नाही तर गवत वाढतं कसं? मग वर्गात पुंज भौतिकी माळावरून शिकवली. प्रकाश सुट्या कणांनी येतो, पान एकेक फोटॉन टिपतं. ढगाआडूनही फोटॉन येतात, फक्त कमी. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला किती फोटॉन लागतात, यावर ओट्टो वारबुर्ग आणि त्यांचेच शिष्य रॉबर्ट इमर्सन यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. वारबुर्ग नोबेल विजेते. ते म्हणत चार पुरेत. इमर्सन यांनी शेवाळावर नेटानं मोजमाप केलं आणि आकडा आठच्या खाली येईना. पुढे कारण कळलं: एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन हलवावे लागतात आणि प्रत्येकाला दोन टप्प्यांत दोन फोटॉन लागतात. आठ हा किमान खर्च. मोठ्या नावापेक्षा नीट केलेलं मोजमाप मोठं, हे मुलांना पटलं. चौकटीतल्या गवताचं वजन आज त्यांनी स्वतःहून दोनदा घेतलं.

2 सप्टेंबर, पोळा
बैलं धुऊन, शिंगं रंगवून झाली. दुपारी म्हाताऱ्या मेंढपाळ काकांना घेऊन माळ फिरलो. शेडा, पवना, मारवेल, कुसळी. ते नुसत्या पायाखालच्या स्पर्शानं ओळखतात. दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी 1973 च्या ग्रंथात देशाच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. आपलं दख्खन शेडा-मारवेलच्या पट्ट्यात येतं. चराई अती झाली की गोड गवतं आधी जातात, कुसळी माजते, मग तीही विरळ होते. काका म्हणाले, "सर, माझ्या लहानपणी या खोऱ्यात शेडा कंबरेला लागायचा." खुल्या तुकड्यात आज कुसळीच जास्त, बंद तुकड्यात मारवेलनं डोकं वर काढलंय.

28 सप्टेंबर
कुसळी पिकली. एक कुसळ तळहातावर ठेवून थेंबभर पाणी टाकलं. पीळ उलगडू लागला, काळं शेपूट सावकाश गोल फिरलं. वाळलं की पुन्हा पीळ. ओलं-सुकं होत होत टोकदार बी स्वतःला मातीत रोवून घेतं. मेंढीच्या लोकरीत शिरलं तर कातडीतही. म्हणून कुसळी पिकण्याआधी कापायची आणि मारवेलला मात्र बी झडेपर्यंत उभं ठेवायचं. कापणीची तारीख गवतागणिक वेगळी.

20 ऑक्टोबर
दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या सुरू झाल्यात, आगाऊ उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयते बांधून साखर कारखान्यांकडे निघतील. वर्गातली काही मुलंही आई-बापांबरोबर जातील. त्यांना आज मुद्दाम सांगितलं: 1966 साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्याच पानात कार्बन बांधण्याची वेगळी वाट उलगडून दाखवली. ऊस पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटीनं साठवतो. त्यासाठी जास्तीची ऊर्जा मोजतो, पण कडक उन्हात पाणी वाचवतो. मारवेल, शेडा, कुसळी, आपली ज्वारी, सगळ्यांची हीच रीत. ही उसाचीच भावकी. म्हणजे तुम्ही फडात ज्याच्या मोळ्या बांधता आणि बैलांना ज्याचं वाढं घालता, ते गवतच आहे, आणि जगाच्या शास्त्रातलं मोठं गवत आहे.

एक मुलगी म्हणाली, "सर, रविवारचा फोटो तिकडं पाठवाल ना?" पाठवणार. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांनी चौकट सांभाळायची, फडातल्या मुलांनी फोटो बघून नोंदवहीचे आकडे भरायचे. फाल्गुनात सगळे परतले की दोन्ही तुकड्यांची वजनं ग्रामसभेपुढे ठेवायची आणि मागणी एकच करायची: निम्मा माळ बी झडेपर्यंत बंद, निम्मा खुला, दुसऱ्या वर्षी उलट. शेळ्या-मेंढ्यांचं पोट आणि मारवेलचं बी, दोन्ही राखता येतात. फक्त मोजणारी माणसं गावचीच हवीत, मग ती त्या घडीला कुठल्याही कारखान्याच्या फडात असोत.