रेणुकेचीं पायताणें

माझ्या वयाच्या माणसानें पायांत काय घालावें, हें बहुधा जगानें त्याच्यासाठीं पूर्वींच ठरवून ठेविलेलें असतें. कॉलेजांत जातांना काळे, चकचकीत बूट आणि सुटीच्या दिवशीं कोल्हापुरी चपला, एवढ्या भांडवलावर मीं तीस वर्षें निभावून नेलीं. तक्रार करावी असें मनांतहि आलें नाहीं. पण गेल्या वर्षीं माहूरला जातांना ही व्यवस्था एका वळणावर मोडली, आणि तिच्याबरोबर माझ्या डाव्या घोट्याचें हाडहि मोडलें.

अपघात म्हणावा असें त्यांत कांहींच भव्य नव्हतें. दत्तशिखराच्या बाजूला, सागाच्या झाडींतल्या एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. माझा वेग सायकलस्वारालाहि लाज वाटावी असा होता. तरी पुढचें चाक सरकलें, गाडी आडवी झाली, आणि जवळजवळ १९० किलो वजनाच्या त्या धुडाखालीं माझा पाय सांपडला. चप्पल तेवढी माझ्या आधींच सुटून दरीच्या दिशेनें निघून गेली होती. डोक्यावर शिरस्त्राण होतें. त्याला ओरखडाहि उठला नाहीं.

सहा आठवडे पाय प्लास्टरांत घालून पडलों असतां पत्नीनें एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलें, "अहो, आतां ती गाडी विकून टाका." तिचें चूक नव्हतें. पण माहूरची वारी आणि मोटारसायकल यांची माझ्या मनांत अशी गांठ बसली आहे कीं, एक सोडली तर दुसरीहि सुटेल अशी भीति वाटते. रेणुका आमचें कुलदैवत. आई दरवर्षीं जात असे आणि गडाच्या पायथ्यापासून अनवाणी चढत असे. तिच्या मागून ही वारी माझ्याकडे आली. नांदेडहून किनवटमार्गें जातांना पैनगंगेच्या खोऱ्यांतला वारा अंगावर येतो, तेव्हां मला ती आठवते. बसच्या खिडकींतून तसें कधीं झालें नाहीं. शेवटीं घरांत तह झाला: गाडी राहील, पण पाय झांकले जातील.

बूट विकत घेणें ही इतकी अभ्यासाची गोष्ट असेल असें मला वाटलें नव्हतें. दुकानांतल्या तरुणानें प्रथम जे पुढें केले ते दिसायला मोठे मर्दानी होते. "काका, हे तुम्हांला लई शोभतील," तो म्हणाला. मीं घोट्याच्या जागीं अंगठ्यानें दाबून पाहिलें; आंत पुठ्ठ्याएवढाहि आधार नव्हता. शिवाय लांबलचक नाड्या. मोटारसायकलीच्या बुटाला लोंबती नाडी म्हणजे संकटाला निमंत्रण. ती गिअरच्या दांडींत अडकली कीं गाडी थांबते, पण पाय जमिनीला टेंकत नाहीं. चांगल्या बुटाचें लक्षण त्याच्या दिसण्यांत नसून त्याच्या हट्टीपणांत आहे. टांच एका हातांत आणि चवडा दुसऱ्या हातांत धरून ओलें धोतर पिळावें तसा तो पिळून पाहावा. जो सहज पिळला जातो तो पडण्याच्या क्षणीं पायासकट पिळला जाणार. घोट्याच्या दोन्ही बाजूंस कठीण वाट्या हव्यात, टांच आणि चवडा ताठ हवा, आणि तळ असा कीं डांबरावर सांडलेल्या तेलावरहि पाय धरून राहील. युरोपांत या बुटांसाठीं १३६३४ क्रमांकाचें एक मानकच आहे. त्यांत कातडें घासून, पात्यानें कापून आणि बूट आडवा दाबून पाहतात. तें वाचतांना मला माझा घोटा आठवून अंगावर कांटा आला.

डोक्याची गोष्ट निराळी. टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं मोटारसायकलीवरून पडून वारला. त्याला तपासणाऱ्या ह्यू केर्न्स या शल्यविशारदानें पुढें लष्करांतल्या निरोप्या स्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाची बाजू मांडली. पायाला असा वकील मिळाला नाहीं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलमहि डोक्यापाशींच थांबतें.

अखेर बूट मिळाले. संध्याकाळीं गेलों होतों, कारण दिवसभरांत पाय थोडा फुगतो आणि सकाळीं मापांत बसलेला बूट रात्रीं चावतो. जाड मोजे घालून अर्धा तास दुकानांत येरझारा घातल्या. किंमत माझ्या पहिल्या पगाराहून किती तरी अधिक होती. ती घरीं सांगतांना मीं थोडा खोकलों. सोयीचें म्हणाल तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत असले बूट म्हणजे पायांना भट्टीच. अगदीं जलाभेद्य घ्यावे तर घामानें आंतच तळें सांचतें. म्हणून मीं हवा खेळणारे घेतले आणि पावसांत भिजण्याची तयारी ठेविली. चवडा जाड असल्यामुळें तो गिअरच्या दांडीखालीं जाईना; ती दांडी थोडी वर करून घ्यावी लागली.

आमच्या गल्लींतल्या चांभाराला ते दाखविले. त्यानें वासरूं पारखावें तसे फिरवून पाहिले. "सर, जोडा चांगलाय, पण डाव्या चवड्यावर गिअर घासणार. तिथं एक पट्टी मारून देतो." पट्टी मारतांना मीं त्याच्या पायांकडे पाहिलें. तोहि रोज गाडीवरूनच येतो. पायांत रबरी चपला. मीं विचारलें, तर हंसून म्हणाला, "आपल्याला कोण पाडतंय, सर!" त्याच्या कमाईंत असे बूट बसत नाहींत हें दोघांनाहि ठाऊक होतें, म्हणून मीं पुढें उपदेश केला नाहीं.

तरी आईच्या अनवाणी पायांपुढें हे बूट मला खुपतच होते. तेव्हां महाभारतांतल्या अनुशासनपर्वाची आठवण झाली. जमदग्नि बाण सोडी आणि रेणुका ते वेंचून आणी. उन्हानें तिचे पाय पोळले. ऋषि सूर्यावर रागावला, आणि सूर्यानें शरण येऊन छत्री व पायताणें दिलीं. म्हणजे पायताणांच्या जन्माची कथा आमच्या कुलदेवीच्याच पोळलेल्या पायांची. पुराणांतून असे सोयीचे आधार हुडकणें हा आम्हां प्राध्यापकांचा जुना रोग आहे, हें कबूल करतों. आणि माहूरला तर देवीचें मुखच तेवढें पुजलें जातें. पाय दिसतच नाहींत.

यंदा नवरात्राच्या आधीं गेलों. पायथ्याशीं फुलें विकणाऱ्या म्हातारीकडे बूट ठेविले. तिनें एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "लई जड हाय रे भाऊ, आत पाय राहिलाय का काय?" मी अनवाणी चढलों. बरा झालेला घोटा प्रत्येक पायरीवर आपलें अस्तित्व सांगत होता. दर्शन झालें, तांबुलाचा प्रसाद घेतला. उतरून आलों तों म्हातारीनें बूट उन्हांतून काढून आपल्या टोपलीच्या सावलींत नेले होते.

ते चढवून पट्टे आवळायला मला बराच वेळ लागला. शेजारीं एक पोरगा उसाचें कांडें चावीत टक लावून पाहत होता. शेवटीं त्यानें विचारलें, "काका, तुमी पोलीस हाव का?"

मीं नाहीं म्हटलें आणि गाडीला किक मारली.