शिकाऱ्याची नजर

अंधारामुळे भय निर्माण होते, ही भयपटांविषयीची समजूत इतकी रूढ आहे की तिची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. अंधार लपवितो, हे खरे. पण लपविण्याला अर्थ येतो तो कोणीतरी पाहात असल्यामुळे. म्हणून भयपटाच्या आरंभी ‘काय दिसत नाही?’ यापेक्षा ‘कोण पाहात आहे?’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. निवेदक आणि दृष्टिकोण यांतील जो भेद कथनमीमांसेला परिचित आहे, तो येथे कॅमेऱ्याच्या हालचालीतून आणि प्रकाशयोजनेतून घडतो.

जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोविन’चा (१९७८) सुमारे चार मिनिटांचा आरंभ पाहण्याजोगा आहे. डीन कंडी हे छायाचित्रकार. कॅमेरा पॅनाग्लाइड या, शरीराला बांधून चालावयाच्या साधनावर बसविलेला. प्रसंग अखंड वाटतो. त्यातील सांधे लपविलेले आहेत. कॅमेरा घराला वळसा घालतो, खिडकीतून एका युवतीला आणि तिच्या मित्राला न्याहाळतो. वरच्या मजल्यावरील दिवा मालवतो आणि मग कॅमेरा आत शिरावयास निघतो. अंधार येथे जणू प्रवेशाची अनुज्ञा ठरतो. स्वयंपाकघरात एक हात पुढे येऊन सुरी उचलतो. पुढे मुखवटा चढविला जाताच पडद्यावर डोळ्यांच्या दोन खाचा तेवढ्या उरतात. प्रेक्षकाला काळजी युवतीची वाटते, पण तो उभा असतो मारेकऱ्याच्या जागी. खुनानंतर मुखवटा उतरविला जातो, समोर सहा वर्षांचा मुलगा दिसतो आणि कॅमेरा त्याच्यापासून विलग होऊन मागे व वर सरकतो.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’च्या (१९८०) आरंभी अंधार मुळी नाहीच. माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात दिवसाउजेडी हेलिकॉप्टरमधून टिपलेली ही दृश्ये. डोंगररस्त्यावर एक पिवळी मोटार. कॅमेरा तिच्या मागे लागतो, जवळ येतो आणि मधेच तिला सोडून कड्यापलीकडे तरंगत जातो. ‘हॅलोविन’मधील नजरेला अखेर धनी मिळतो; या नजरेला तो मिळत नाही. प्रकाश सर्व काही दाखवितो, पाहणारा तेवढा अदृश्य ठेवतो.

भयानक रसाच्या संदर्भात अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकातील भेदरून धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. त्यांच्या मते तेथे प्रतीत होणारे भय देशकालाच्या बंधनातून सुटलेले असते. ते ना त्या हरिणाचे, ना प्रेक्षकाचे. परंतु हरिणाचे ते चित्र ज्याच्या तोंडून येते तो दुष्यंत धनुष्य सज्ज करून त्याचा पाठलाग करीत असतो. भयाचे ते सौंदर्य शिकाऱ्याच्या नजरेतून घडलेले आहे. साधारणीकरण झाले तरी ते कोणत्या जागेवरून झाले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

नाटकात तपस्वी आडवा येतो आणि बाण आवरला जातो. प्रेक्षकालाही रथातून उतरण्याची संधी मिळते. ‘हॅलोविन’मध्ये आडवे येणारे कोणी नाही. आईवडील येतात तेव्हा सुरीचे काम झालेले असते, आणि तोपर्यंत प्रेक्षक त्या डोळ्यांच्या खाचांतूनच पाहात आलेला असतो. तन्मयतेला रसिकतेचा निकष मानणाऱ्या समीक्षेला, ही तन्मयता कोणाशी झाली, याचे उत्तर देणे त्यामुळे टाळता येणार नाही.