अंगावर ‘पित्त’ उठलं, आणि मी थांबले

तुमच्या घरी कुणाच्या अंगावर लाल गांधी उठल्या, तर पहिलं वाक्य काय निघतं? ‘पित्त उठलंय.’ पाठोपाठ आमसुलाचं पाणी येतं. आमच्याकडेही तसंच. चेन्नईत आमच्या भागात आमसुलं सहज मिळत नाहीत, म्हणून सासूबाई दर वर्षी मालवणहून डबा भरून आणतात.

त्या रविवारी मी कोळंबीचं कालवण केलं होतं. जेवून दहा मिनिटं झाली नसतील, नऊ वर्षांची लेक पोट खाजवायला लागली. मान, कान, पाठ, सगळीकडे गांधी. सासूबाईंनी आमसूल भिजत घातलं. मी अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि म्हटलं, ‘जरा पड, बरं वाटेल.’ मग तिला उलटी झाली. मला वाटलं, बरं झालं, पित्त पडून गेलं.

तेवढ्यात समोरच्या मामी विरजण मागायला आल्या. त्यांनी लेकीला हाक मारली, तिनं ‘ओ’ दिली आणि मामींचा चेहराच बदलला. ‘हिचा आवाज असा घोगरा का येतोय?’ मी मघापासून शेजारी बसले होते, पण माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मामींच्या मुलानं गाडी काढली. इस्पितळात पोचताच डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. अ‍ॅड्रेनलिन. काही मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. ‘सुरुवात होऊन किती वेळ झाला?’ त्यांनी विचारलं. ‘पाऊण तास,’ मी म्हटलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

या प्रकाराला ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ म्हणतात, आणि पित्ताशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या त्वचेखाली, श्वासनलिकेत, आतड्यांत, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं मास्ट पेशी बसलेल्या असतात. 1878 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख या तरुण संशोधकानं त्यांना हे नाव दिलं. पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्याला त्या खाऊन-पिऊन गुबगुबीत झालेल्या वाटल्या. जर्मन भाषेत ‘मास्ट’ म्हणजे जनावरांना खाऊ घालून पुष्ट करणं. लेक मात्र त्यांना ‘मस्त पेशी’च म्हणते.

त्या दाण्यांत हिस्टामिन आणि इतर रसायनं साठवलेली असतात. ‘मग हिनं आधी कितीदा तरी कोळंबी खाल्ली, तेव्हा का नाही झालं?’ मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं, की आधीच्या खाण्यातूनच शरीरानं कोळंबीतल्या एका प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं बनवली आणि ती मास्ट पेशींवर जाऊन चिकटली. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं, की पेशी आपले दाणे एकदम बाहेर टाकतात. हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. मग रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात, कातडी सुजते, श्वासनलिका आवळते, आतडी ढवळून निघतात. गांधी, उलटी, घोगरा आवाज ही तीन वेगळी दुखणी नव्हती. एकाच पेशीचं काम तीन ठिकाणी चाललं होतं.

अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिनला अडवते, त्यामुळे खाज कमी होते. पण घसरलेला रक्तदाब आणि आवळलेला श्वास तिला सावरता येत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं.

घरी आल्यावर लेक जेवायलाच घाबरायची. एकदा म्हणाली, ‘आई, माझ्या अंगात असली वाईट पेशी कशाला?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

ते सुचलं सुट्टीत, वडनेमेलीला. चेन्नईच्या दक्षिणेला किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर मगरींचं उद्यान आहे. तिथेच इरुला समाजातल्या सर्पमित्रांची सहकारी संस्था सापांचं विष काढते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांच्या कातड्यांचा धंदा बंद झाला आणि या लोकांची रोजीरोटी गेली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीनं 1978 मध्ये त्यांनी ही संस्था उभी केली. पकडलेले साप मडक्यांत ठेवतात, विष काढतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा सोडून देतात. हे विष थोडं थोडं घोड्यांना टोचून सर्पदंशावरची लस तयार होते. 2023 मध्ये इथल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली.

ही लस घोड्याच्या प्रथिनांची असल्यामुळे काही रुग्णांना तिचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येते, म्हणून ती देताना डॉक्टर अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवतात. लेकीनं लगेच ओळखलं, ‘म्हणजे माझंच इंजेक्शन!’

पण खरं उत्तर पुढे होतं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की मास्ट पेशी असलेले उंदीर, त्या नसलेल्या उंदरांपेक्षा काही सापांचं आणि मधमाशीचं विष जास्त सोसू शकतात. त्याच दाण्यांतलं एक एन्झाइम सापाच्या विषाची धार कमी करतं. साप चावल्यावर दवाखाना गाठायलाच हवा, त्याला पर्याय नाही. पण मी लेकीला सांगू शकले, ‘ती पेशी वाईट नाही गं. राखणदार आहे. फक्त कोळंबीला साप समजली.’

आता तुमच्यासाठी. नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी चालेल. पण गांधींबरोबर उलटी, खोकला, धाप, घोगरा आवाज, ओठ-जिभेला सूज किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचं इस्पितळ गाठा. तोवर रुग्णाला आडवं ठेवा, धाप लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितके तास तिथेच थांबा. त्रास काही तासांनी उलटू शकतो. आणि एकदा असं झालेलं असेल, तर अ‍ॅड्रेनलिन घरी कसं ठेवायचं आणि कसं टोचायचं, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. मी शिकले.

सासूबाईंचा आमसुलाचा डबा अजून येतो. त्याची आम्ही सोलकढी करतो. आणि कुणी ‘पित्त उठलंय’ म्हटलं, की सासूबाईच आधी विचारतात, ‘आवाज कसा आहे बघ गं.’